पतसंस्थेचे दप्तर तपासताना

पतसंस्था आणि विकास सोसायट्यांचे लेखापरीक्षण करता करता केस पांढरे झाले. त्यातून हाती लागले ते असे.

१. आधी रोख शिल्लक मोजावी, वह्या नंतर. तिजोरी उघडायला सांगितल्यावर सचिव चहा मागवतो. चहा संपला तरी किल्ली सापडत नसेल, तर मुक्काम वाढणार हे समजून घ्यावे.

२. ३१ मार्चच्या आकड्यांना भुलू नये. त्या दिवशी थकबाकी नाहीशी होते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच कर्जदाराच्या नावावर तेवढेच कर्ज उभे राहते. याला ‘नवं-जुनं’ म्हणतात. पुष्कळदा रोकड कुणाच्या हाताला लागतही नाही, नुसती पावती आणि व्हाउचर फिरतात. विकास सोसायटीतला शेतकरी व्याज सवलत हुकू नये म्हणून हे करतो, त्याची अडचण कळते. पण पतसंस्थेत संचालकाच्या मेहुण्याचे कर्ज वर्षानुवर्षे असे फिरत असेल, तर ते बुडालेलेच धरावे. कागदावर ते नियमित दिसते, म्हणून त्यासाठी तरतूदही होत नाही.

३. खतावणी कितीही स्वच्छ असो, ठेवीदारांची पासबुके मागवून ताडून पाहावीत. पिग्मीतली गळती भाजीवाल्या मावशींच्या आणि रिक्षावाल्यांच्या पासबुकात सापडते. ते रोज पैसे देतात, आकडा बघतात दिवाळीला.

४. ‘अ’ जामीन ‘ब’ला, ‘ब’ जामीन ‘अ’ला. यावर जास्त काय लिहायचे?

५. संचालक चोर असतात हा गैरसमज आहे. बहुतेक भिडस्त असतात. सचिव प्रोसिडिंग बुक घरी आणून देतो, त्यात ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ आधीच लिहिलेले असते, आणि न वाचता सही होते. पुढे चौकशी लागते, सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली नुकसानभरपाईची नोटीस घरी येते, तेव्हा हाच भला माणूस ‘मला काही ठाऊक नव्हतं’ म्हणतो. मग बसला होतात कशाला त्या खुर्चीवर?

६. सहकार कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीनंतर पॅनेलवरचा लेखापरीक्षक सभेने निवडायचा असतो. प्रत्यक्षात नाव सचिवच सुचवतो. ज्याचे दप्तर तपासायचे, तोच तपासणारा निवडतो! आमच्या व्यवसायातल्यांना हे वाचून राग येईल, येऊ द्या.

७. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते आणि आता गणपूर्तीची अट नसते. ‘मंजूर, मंजूर’ म्हणत सारे विषय संपतात, मग जेवणाच्या पंगती. पण पणाला लागलेला असतो तो सभासदांचाच पैसा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तेव्हा सभासदांनो, येत्या सभेत एवढेच विचारा: मागच्या लेखापरीक्षणात दोष कोणते निघाले, आणि दोषदुरुस्ती अहवाल कुठे आहे? तो वाचून दाखवल्याशिवाय जेवायला उठू नका.