टर्बोचार्जरच्या दाबनियंत्रणातील विद्युत-दोष : एक अभ्यास

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या शाळेतील एका विद्यार्थिनीचे वडील आपली प्रवासी डिझेल गाडी घेऊन आमच्या कार्यशाळेत आले. सपाटीवर गाडी बरी चाले. कसारा घाट लागला की तिची ओढ संपे. इंजिनाचा दिवा कधी लागे, कधी आपोआप विझे. एका ठिकाणी त्यांना ‘टर्बो गेला आहे’ असे सांगून नव्याचा खर्च सत्तर हजारांच्या घरात काढून देण्यात आला होता. तेवढेच पैसे त्यांनी मुलीच्या पुढील प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले होते.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते, ही टर्बोचार्जरची मूळ कल्पना. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, म्हणून हवेच्या दाबाला लगाम हवा. या गाडीत तो लगाम असा : चक्राभोवतीच्या पात्यांचा कोन अ‍ॅक्च्युएटर बदलतो, अ‍ॅक्च्युएटर निर्वाताने ओढला जातो, निर्वात किती द्यायचा हे एक सोलेनॉइड झडप ठरविते, आणि त्या झडपेला ईसीयू विजेचे तुटक ठोके देऊन चालविते. या साखळीतील शेवटचे कडे विजेचे आहे, याचाच पुष्कळांना विसर पडतो.

स्कॅनर लावला तेव्हा दोन संकेतांक मिळाले. पी ०२९९, म्हणजे दाब कमी. आणि पी ००४५, म्हणजे दाबनियंत्रक सोलेनॉइडचे विद्युत-मंडल खुले. पहिला परिणाम सांगतो, दुसरा कारणाकडे बोट दाखवितो. आधीच्या कारागिराने पहिलाच वाचून निदान केले असावे.

तरीही आम्ही यांत्रिक बाजू आधी तपासली. हातपंपाने अ‍ॅक्च्युएटरला निर्वात दिला. दांडी सुरळीत सरकली आणि तशीच टिकली. नळ्या फुटलेल्या नव्हत्या, टर्बोच्या दांड्याला गैरवाजवी खेळ नव्हता. मग सोलेनॉइडचा कनेक्टर काढून वेटोळ्याचा रोध मोजला : १५ ओहम. म्हणजे १२ व्होल्टला ०.८ अँपिअर प्रवाह अपेक्षित. वेटोळे शाबूत होते. चावी फिरवून पुरवठ्याच्या तारेवर मल्टीमीटर लावला, तर १२.४ व्होल्ट. तेही ठीक!

येथे आम्ही स्वतः अर्धा दिवस फसलो, हे कबूल केले पाहिजे. पुरवठा पूर्ण आहे असे समजून ईसीयूवर संशय घेतला. चूक मीटरची नव्हती, आमच्या वाचनाची होती. मल्टीमीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. टाकीपासूनची नळी आत गंजून चोंदली असली, तरी नळ बंद असेतोवर तोंडाशी दाब पूर्णच दिसतो. नळ उघडला की धार करंगळीएवढी. व्होल्टतेची घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. प्रवाहच नसेल तर घट कोठून दिसणार?

दुसऱ्या दिवशी त्या तारेवर १२ व्होल्ट, ५ वॅटचा साधा दिवा लावला. तो लालसर मिणमिणला आणि त्याच्यावरील मीटर ४ व्होल्टवर उतरला. दोष पुरवठ्याच्या तारेतच होता. (ईसीयूकडे जाणाऱ्या नियंत्रण-तारेवर मात्र असा दिवा कधीही लावू नये, आतील परिपथ जळू शकतो.) फ्यूजपासून एकेक टप्पा तपासत गेलो. इंजिनाच्या एका पट्टीजवळ तार वाकलेली होती. वरचे आवरण धड दिसत होते. पण दाबून पाहताच ते मऊ लागले. कापले तेव्हा आत हिरवी पूड आणि तांब्याचे दोन-तीनच धागे शिल्लक. आवरणावर सुईचे बारीक छिद्र होते. पूर्वी कोणीतरी तपासताना तार टोचली आणि पावसाचे पाणी आत शिरले. गाडी हादरली की उरलेले धागे क्षणभर सुटत, म्हणून तो दिवा लहरी.

बॅटरीची ऋण तार सोडविली, चमकदार तांबे लागेपर्यंत तार मागे कापली, त्याच जाडीचा तुकडा जोडून क्रिम्प केला आणि त्यावर गोंदयुक्त आकुंचन-नळी तापवून बसविली. काहीजण येथे केवळ डाग देतात. हादऱ्याच्या जागी डागलेली तार सांध्याच्या कडेशी तुटते, असा आमचा अनुभव आहे. शेवटी तार पट्टीपासून दूर बांधली.

संकेतांक पुसून गाडी घाटात नेली. चढावर पूर्वी मागितलेला दाब १९० किलोपास्कल असता मिळत होता १२० च्या आसपास. आता दोन्ही आकडे बरोबरीने चालले. साहित्याचा खर्च दीडशे रुपयांच्या आत आला. तारेचा तो हिरवा तुकडा आम्ही शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेला दिला आहे. ओहमचा नियम शिकविताना शिक्षक तो मुलांच्या हाती देतात.