कंपवात : चेहऱ्यामागचा मनुष्य

शास्त्रपाठ : मार्क २:१-१२, निर्गम १७:८-१३

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्याच्या आजारासाठी जो ‘पाल्सी’ शब्द आहे, तोच लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवाताचे वर्णन करताना योजला. त्यामुळे दोन्ही आजार एकच, असा समज होतो. तो बरोबर नाही. पक्षघातात अवयवाची शक्ती जाते. कंपवातात मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी झिजतात आणि हालचाल मंद व ताठर होते.

सर्वच रुग्णांचे हात थरथरत नाहीत. अक्षर बारीक होते, आवाज क्षीण होतो, पाऊल दारातच थबकते. याहून दुःखदायक म्हणजे चेहरा भावशून्य दिसू लागतो. असा बंधू उपासनेत निश्चल बसला की ‘ह्यांना आता गोडी राहिली नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. गोडी असते, चेहऱ्याचे स्नायू ती दाखवीत नाहीत. खिन्नताही पुष्कळदा या आजाराचाच भाग असते. तिला विश्वासाची उणीव म्हणणे हा अन्याय आहे.

मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन व हूर यांनी त्याला उपदेश केला नाही. बसावयास धोंडा दिला व हात धरले. आपल्या मंडळीतही असेच करता येईल. लेवोडोपाची वेळ चुकल्यास रुग्ण जागीच जखडू शकतो. म्हणून प्रार्थनासभा लांबली तरी गोळी वेळेवर घेऊ द्यावी. प्रभुभोजनाचा प्याला अर्धाच भरावा. तो बोलत असता थांबावे. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये.