क्रूसावरचा ख्रिस्त कसा पाहावा

सणसवाडीत मी चित्रकला शिकवतो. वर्गातली बरीचशी मुलं इथल्या कारखान्यांत राबणाऱ्यांची. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीबरोबरच मी त्यांना स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझचा, १६३२ च्या सुमाराचा ‘क्रूसावरील ख्रिस्त’ दाखवतो. मूळ चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, सुमारे आठ फूट उंच. आमच्याकडे छापील प्रत. मुलांसोबत बघताना मला उमगलेलं सांगतो.

१. आधी वजन शोधा.
फॅब्रिकेशनवाल्याच्या मुलाने विचारलं, “सर, एवढं वजन हातातल्या दोन खिळ्यांवर कसं पेलेल?” मग सगळे पायांकडे वळले. पाय शेजारी शेजारी, प्रत्येकात वेगळा खिळा, खाली आधाराची फळी. बऱ्याच चित्रांत दोन्ही पायांत मिळून एकच खिळा असतो. वेलाझ्केझचे गुरू आणि सासरे पाचेको चार खिळ्यांचा आग्रह धरत. त्यामुळे हा देह लोंबत नाही, उभा वाटतो.

२. उजेडाचा माग काढा.
खोलीत अंधार करून एका बाजूने दिवा लावा आणि समोर हात धरा. वेलाझ्केझच्या काळातल्या बरोक शैलीच्या चित्रांतला छायाप्रकाश लगेच कळतो. वेलाझ्केझने मागे डोंगर, गर्दी, शोक करणारी आई मरिया, काहीच ठेवलं नाही. नुसता काळोख. नजरेला पळायला जागा नाही.

३. काय झाकलंय, तेही बघा.
मान छातीवर कललेली, केसांनी अर्धा चेहरा झाकलेला, रक्त मोजकंच. आक्रोश कुठेच नाही, तरी दुःख पोचतं.

४. कोणासमोर ठेवलंय, हे विचारा.
त्यासाठी पणजीच्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला क्रूस आवर्जून पाहा. तो मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. ते धर्मन्यायालय १८१२ मध्ये बंद झालं. क्रूस १९१८ मध्ये या चॅपेलमध्ये आला. या ख्रिस्ताची मान ताठ आणि डोळे उघडे आहेत. चौकशीला उभ्या केलेल्या माणसाला त्या नजरेचा केवढा धाक वाटला असेल!

५. श्रद्धा वेगळी म्हणून दूर राहू नका.
गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. त्यांनी चित्रांत मरियेला साडी नेसवली, त्याबद्दल टीकाही सोसली. पालक मला विचारतात, परक्या धर्माचं चित्र मुलांना कशाला? मी सांगतो, दुसऱ्याचं दुःख निरखून बघणारं मूल शेजारच्या माणसाचं चित्रही मान राखून काढतं. माझ्या वर्गात मला तेच हवंय.