दिवाळीच्या आत

एनएसएसमध्ये मी गेले ती दहा गुणांसाठी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याविषयी भलता आदर वाटायला नको. साताऱ्यात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, गणिताची धास्ती होती आणि वरच्या वर्गातल्या एका ताईने सांगितलं होतं, "दोन वर्षं झाडू मारायचा, दहा मार्क वाढतात." त्या दोन वर्षांत जे कळलं ते असं.

१. हेतू शुद्ध नसला तरी आत शिरावं.

एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. त्या ४० हजारांतले सगळेच काही गांधींसाठी आले नसतील. आमच्या तुकडीत एक जण शिबिरातल्या जेवणासाठी यायचा, दोघं एकमेकांसाठी यायचे, आणि एकीला घरून बाहेर पडायला तेवढंच एक कारण मंजूर होतं. घमेल्यांची साखळी लागली की कोण कशासाठी आलंय ते कुणाला आठवतसुद्धा नाही. जेवणासाठी येणारा तो मुलगा टिकाव सगळ्यांत शेवटी खाली ठेवायचा.

२. ओढ्याला तुमचं वेळापत्रक माहीत नसतं.

आमचं सात दिवसांचं शिबिर २००९ च्या डिसेंबरात माण तालुक्यातल्या एका गावात होतं. सातारा जिल्हा मोठा गमतीचा आहे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आसपास. तेव्हा पाणी अडवायचं हे आमच्या एनएसएसच्या सरांनी ठरवलं ते बरोबरच होतं. वनराई बंधारा घालायचा होता. मोहन धारिया यांच्या 'वनराई' संस्थेवरून त्याला ते नाव पडलं. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, दाभणाने तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी रचायची. विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवायचे, म्हणजे वरच्या पोत्याचा मध्य खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर येतो. खर्च म्हणाल तर सुतळीचा.

चार दिवस आम्ही राबलो. दोनशे दहा पोती. हाताला फोड आले, ते आम्ही एकमेकींना दाखवत हिंडलो. पाचव्या दिवशी बंधाऱ्यावर चढून फोटो काढला. शेजारच्या रानातले तात्या रोज बांधावर बसून बघत असत, ते त्या दिवशी उठून आले. बंधाऱ्याला एक फेरी मारून म्हणाले, "बांध झ्याक झालाय पोरींनो. पर त्यात अडवायचं काय? वढा तर दिवाळीलाच आटला."

पावसाळा संपतो आणि ओढ्याला वाहतं पाणी असतं, तेव्हा हा बंधारा घालायचा असतो. पोती एका हंगामाची. पुढच्या पावसात ती वाहून जातात. आम्ही डिसेंबरात गेलो, कारण विद्यापीठाची परीक्षा नोव्हेंबरात संपत होती.

मग तात्या पहिल्या दिवशीच का बोलले नाहीत? मी विचारलं, तर म्हणाले, "तुमी इचारलं न्हाई." वर असंही म्हणाले, की पोरं शहरातनं आलीत, हौसेनं करतायत, कशाला हिरमोड करा.

पुढच्या वर्षी आम्ही अकरा जण ऑक्टोबरातल्या दोन रविवारी एसटीने गेलो. शिबिर नव्हतं, बॅनर नव्हता, तिकीट ज्याचं त्याने काढायचं. योजनेत दोन वर्षांचे २४० तास भरावे लागतात. सुट्टीतलं हे काम ठरलेल्या कार्यक्रमात नव्हतं, म्हणून हे तास डायरीत चढले नाहीत. गावातली सात-आठ माणसं मात्र आपणहून हाताखाली आली. डिसेंबरात त्यांतलं कुणी फिरकलं नव्हतं. संक्रांतीपर्यंत पाणी टिकलं. मेंढरं पीत होती आणि खालच्या दोघांनी हरभऱ्याला एक पाणी दिलं. एवढंच. नदी जिवंत वगैरे झाली नाही.

३. रक्त जानेवारीत देऊन मे महिन्यात पुरत नाही.

ओढ्याने शिकवलेलंच मी रक्तदानात पुन्हा शिकले. दर २६ जानेवारीला आमच्याकडे रक्तदान शिबिर व्हायचं, झेंडावंदन उरकलं की रांग लागायची. शिबिरात तपासणीची रीत साधी होती. निळ्या मोरचूदाच्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडायचा. बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, म्हणजे पास. तरंगला तर घरी जा. माझा तरंगला. माझ्यामागे रांगेत होत्या त्यांतल्या बऱ्याच जणींचे तरंगले. मुलं ३५० मिलिलिटर देऊन बिस्किटं खात होती आणि आम्ही मुली नावनोंदणीच्या टेबलावर जाऊन बसलो. वाढणाऱ्यांनी आधी दुसऱ्यांना वाढायचं आणि तळाचं आपण खायचं, ही घरोघरची रीत त्या निळ्या बरणीत स्पष्ट दिसत होती. त्यावर कुठल्याही बौद्धिक सत्रात कुणी बोललं नाही.

असो. रक्तपेढीतल्या एका ताईंनी जाता जाता सांगितलं, की खरी ओढाताण मे महिन्यात होते. कॉलेजं बंद, मुलं गावी, शिबिरं नाहीत. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट तर पाचच दिवस. जानेवारीतल्या रांगेचा मे महिन्यातल्या बाळंतिणीला काय उपयोग? मग आम्ही मुलींनी एक यादी केली. सुट्टीतही साताऱ्यातच राहणारे कोण, रक्तगट कोणता, मागचं रक्तदान कधीचं. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बाईला चार. त्या मे महिन्यात यादीतले नऊ जण जाऊन आले. नऊ हा आकडा वार्षिक अहवालात शोभला नसता, म्हणून तो घातला नाही.

४. विसर्जनाला शंभर हात असतात, दुसऱ्या दिवशी सहा.

घाटावर निर्माल्य गोळा करायला अनंत चतुर्दशीला गर्दी उसळते. टी-शर्ट मिळतो, वर्तमानपत्रवाले येतात. पण त्या ढिगाचं खत करायचं तर हारातला दोरा, जरीची कागदी फुलं, प्लॅस्टिक आणि कापराच्या डब्या दुसऱ्या दिवशी बसून निवडाव्या लागतात. तोवर झेंडू आंबलेला असतो. मला विचाराल तर माणूस पारखायचा असेल तर त्याला त्या ढिगाशी बसवावं.

५. पथनाट्य करण्याआधी पाण्याचा माठ कुठून भरतात ते बघावं.

माणमधल्या शिबिरात शौचालयावर आमचं नाटक होतं. मी सासू झाले होते. टाळ्या भरपूर पडल्या. संध्याकाळी दाभणं परत द्यायला तात्यांच्या घरी गेलो, तर काकू म्हणाल्या, "नाटक ग्वाड हुतं गं. पर हंडा मैलभरावनं डोईवर आनायचा, आन त्यो तितं वतायचा व्हय?" माझ्या सासूकडे त्याला संवाद नव्हता. त्यानंतर आम्ही नाटक सोडून गृहभेटी धरल्या आणि निम्मा वेळ नुसतं ऐकत बसलो. चहा फार प्यावा लागतो, ही एक अडचण.

६. दहा रुपयांचीही पावती ठेवावी.

रद्दी विकून आलेले ४६० रुपये एकदा कुणाच्या तरी दप्तरात राहिले आणि दोन मैत्रिणी महिनाभर बोलल्या नाहीत. पैसे सापडले. मैत्री पहिल्यासारखी झाली नाही.

७. जाताना वही मागे ठेवावी.

दोन वर्षं संपतात, माणसं पांगतात, आणि नवी तुकडी पुन्हा डिसेंबरात बंधारा घालायला निघते. म्हणून शेवटच्या महिन्यात मी एक दोनशे पानी वही लिहिली. ओढा कधी आटतो, एसटी फाट्यावर किती वाजता थांबते, शाळेच्या कोणत्या खोलीत पत्रा गळतो, गावात कुणाला आधी भेटायचं. माझे दहा गुण मला मिळाले होते. गणितात त्यांची गरज पडली नाही.

तीन वर्षांनी, मी पुण्यात नोकरीला लागल्यावर, ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, वहीत तुमचा नंबर होता. आम्ही रविवारी चाललोय, ओढा वाहतोय अजून. पोती आहेत. दाभणं कुठं मिळतील?"

"तात्यांच्या घरी, काकूंकडे," मी म्हटलं. "मोजून घ्या. मागच्या वेळी एक आमच्याकडून हरवलंय, ते त्या अजून विसरल्या नसतील."