परदेशात पाकीट मारलं गेलं तर? – पहिल्या तासाचा पाठ



आजचा पाठ पुस्तकातला नाही. गेल्या आठवड्यात पाचवीच्या वर्गात प्रवास हा विषय चालू होता. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझी नानी उमराहला चाललीय. पहिल्यांदाच विमानात बसणार." वर्गाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, तिकडे पण पाकीटमार असतात का?" सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण मला माझे मामा आठवले.

माझे मामा एसटीत कंडक्टर होते. भिवंडी–कल्याण, भिवंडी–ठाणे, भिवंडी–वाडा अशा फेऱ्यांमध्ये त्यांची ३० वर्षं गेली. गाडीत गर्दी झाली की तिकिटाचा पंच दांडीवर टकटक वाजवत ते ओरडायचे, "पाकीट सांभाळा, पुढे सरका!" दोन खिसेकापू त्यांनी स्वतः पकडून चौकीत दिले होते. खिसेकापू चेहऱ्यावरून ओळखू येतो असं ते सांगायचे. अशा माणसाचं पाकीट पॅरिसच्या मेट्रोत गेलं. ते कसं गेलं त्यापेक्षा नंतर दोन दिवस काय झालं, ते जास्त शिकण्यासारखं आहे. ते पुढे सांगते. आधी वर्गात आम्ही केलेला एक प्रयोग पाहू.

मी माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये एक छोटं पाउच ठेवलं आणि मुलांना सांगितलं, "तास संपायच्या आत हे पाउच माझ्या नकळत काढून दाखवा." पहिल्या तिघांना मी लगेच पकडलं. मग एक मुलगी वही घेऊन आली, "मॅडम, हे गणित बरोबर आहे का?" मी वहीत डोकं घातलं. दुसरीने खडूची पेटी खाली पाडली. मी वाकले. तास संपल्यावर पाउच तिसऱ्याच मुलाच्या दप्तरात निघालं! माझी पर्स उघडल्याचं मला कळलंसुद्धा नाही.

पाकीटमारी म्हणजे नेमकी हीच गोष्ट. आपल्याला वाटतं, चोराचा हात चपळ असतो. हात चपळ असतोच, पण त्याआधी तो आपलं लक्ष चोरतो. पॅरिसमध्ये हातात फळी आणि कागद घेऊन कोणी सही मागतं. सही करताना आपण खाली बघतो. रस्त्यात अंगठी सापडल्याचं नाटक करून कोणी "ही तुमची का?" असं विचारतं. कोणी मनगटाला दोरा बांधायला लागतं. कपड्यावर काहीतरी सांडवून तेच पुसायला धावून येणारेही असतात. वही, खडूची पेटी आणि तिसरा मुलगा! युक्ती तीच, फक्त गाव वेगळं.

इथे भाषेची एक गंमत सांगते. संस्कृतमध्ये खिसेकापूला ग्रंथिभेदक म्हणतात. ग्रंथी म्हणजे गाठ. पूर्वी खिसे नव्हते, पैसे कपड्याच्या टोकाला गाठ मारून ठेवत. ती गाठ सोडवणारा किंवा कापणारा तो ग्रंथिभेदक. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी उर्दू बोलतात. त्यांना गिरहकट हा शब्द माहीत असेल. गिरह म्हणजे गाठ आणि कट म्हणजे कापणारा! दोन भाषांनी एकाच चोराला एकच नाव दिलं. शिवलेला खिसा आला आणि आपण त्याला खिसेकापू म्हणू लागलो. आणि तुमची आजी किंवा पणजी पैसे कुठे ठेवायची? कनवटीला. कमरेला खोचलेले पैसे काढायचे तर चोराला आधी आजीशीच गाठ घालावी लागायची! आज परदेशी जाणाऱ्यांना कपड्यांच्या आतून बांधायचा पातळ पट्टा घ्यायला सांगतात, ती कनवटीच आहे. पुरुषांचा एहराम म्हणजे न शिवलेली दोन वस्त्रं, त्याला खिसा कुठून येणार? म्हणून हज-उमराहला जाणारे कमरेला खिशांचा पट्टा बांधतात.

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की चोरी आपल्याकडेच होते, तिकडे सगळं शिस्तीत असतं. पॅरिसमधलं लुव्र म्युझियम १० एप्रिल २०१३ रोजी बंद राहिलं, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांच्या त्रासामुळे काम थांबवलं होतं. मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही याच कारणासाठी काम बंद केलं. म्हणजे जगप्रसिद्ध ठिकाणचे पहारेकरीसुद्धा कंटाळले होते. लुव्रच्या त्या तक्रारीत एक गोष्ट अशी होती की चोरांमध्ये लहान मुलंही होती, आणि मुलांना तिथे तिकीट लागत नाही. शिक्षिका म्हणून मला ही बातमी वाचवत नाही. ज्या वयात माझी मुलं पाढे म्हणतात, त्या वयात कुणीतरी मोठा माणूस त्या मुलांना गर्दीत सोडतो आणि संध्याकाळी हिशोब मागतो. त्याच वर्षी पॅरिसच्या न्यायालयाने मुलींना चोरी करायला लावणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला शिक्षा सुनावली होती. म्हणून पाकीट मारणारं पोर दिसलं तर मारायला धावू नका. ओरडा, बाजूला व्हा, पोलिसांना सांगा.

आता मामांची गोष्ट.

निवृत्तीनंतर मुलाने थोडे पैसे घातले आणि मामा-मामी एका ग्रुपबरोबर युरोपला गेले. पॅरिसमध्ये तिसऱ्या दिवशी मेट्रोत चढताना दारात एक बाई अडखळली. मामांनी तिला हात दिला. (३० वर्षांची सवय!) दार बंद झालं, बाई प्लॅटफॉर्मवरच राहिली, आणि मामांच्या पँटच्या मागच्या खिशात पाकीट नव्हतं. पाकिटात थोडे युरो, डेबिट कार्ड आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर कार्डाचा पिन लिहिला होता. "फोन नंबरसारखा लिहिला होता गं, कुणाला कळणार!" असं ते नंतर म्हणाले. पण चार अंकी फोन नंबर कुठे असतो?

पाकीट गेल्याचं मामांना पुढच्याच स्टेशनला कळलं, पण ते कुणाला बोलले नाहीत. मामीला नाही, ग्रुपच्या मॅनेजरला नाही, भारतात मुलालाही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना पाकीट सांभाळायला सांगितलं, तो ४० लोकांसमोर कसा सांगणार? पोट बिघडल्याचं सांगून दुपारी ते बसमध्येच बसून राहिले, कारण चहाला एक युरोसुद्धा जवळ नव्हता. दोन दिवस असेच गेले. स्वित्झर्लंडमध्ये नातवासाठी चॉकलेट घ्यायची वेळ आली आणि मामी म्हणाल्या, "काढा पैसे." तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग धावपळ झाली. मामांनी तिकडचं सिम घेतलं होतं आणि भारतातलं सिम काढून कागदात गुंडाळून ठेवलं होतं. ते परत फोनमध्ये घातलं, तर बँकेचे मेसेज एकामागून एक वाजायला लागले. पाकीट गेल्यावर २० मिनिटांत एटीएममधून ४०० युरो काढले होते. दुसऱ्या दिवशी आणखी ४००, तिसऱ्या दिवशी ३००. एकूण ११०० युरो, म्हणजे जवळजवळ एक लाख रुपये.

मुलांनो, हे गणित सोडवा. मामांनी पहिल्याच तासात कार्ड बंद केलं असतं तर किती युरो वाचले असते? ७००. म्हणजे चोराने मामांचे ४०० युरो नेले, आणि लाजेने ७००.

हे नुसतं म्हणायला नाही, नियमही तसाच आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढलं (सहकारी बँकांसाठी डिसेंबर २०१७ मध्ये), त्यातली विभागणी समजून घ्या. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशा प्रकारात बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार तुमच्यावर येऊ शकतो. त्यानंतर बँकेचं धोरण काय असेल ते. पण तुमचाच निष्काळजीपणा असेल, पिन दुसऱ्याच्या हाती पडू दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेला सगळा पैसा तुमचा गेला. कळवल्यानंतर गेला तर तो बँकेचा. मामांची पिनची चिठ्ठी याच प्रकारात बसली. बँकेने नियम दाखवला आणि मामांना काही बोलता आलं नाही. तुमच्या बँकेत आज काय नियम लागू आहे, ते निघण्यापूर्वी शाखेत विचारून घ्या.

आता पालकांसाठी थोडं कार्डाबद्दल. आपल्याकडे एक समजूत पक्की आहे, "ओटीपी सांगितला नाही तर पैसे जाणारच नाहीत." भारतातल्या ऑनलाइन खरेदीला ते बऱ्याच अंशी लागू आहे. परदेशातल्या अनेक वेबसाइटवर मात्र कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन अंक एवढ्यावर खरेदी होते. ओटीपी येतच नाही! कार्ड दुकानात किंवा हॉटेलात नजरेआड नेऊ देऊ नका असं सांगतात, ते यासाठीच. शिवाय मशीनला नुसतं टेकवून पैसे जाणारी कार्डं असतात, त्यांना लहान रकमेला पिनही लागत नाही.

कार्ड जवळ असूनही पैसे जाऊ शकतात, याचं आपल्या राज्यातलं मोठं उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेच्या संगणक यंत्रणेवर हल्ला झाला. नकली कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, आणि एकूण ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. खरी कार्डं तेव्हा लोकांच्या घरात कपाटात होती. त्या प्रकरणात सर्वसामान्य खातेदार काही करू शकला नसता. पण आपल्या हातात असलेली एक गोष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशामुळे नवीन कार्डावर परदेशातला वापर आधी बंदच असतो. तो बँकेच्या अ‍ॅपमधून आपण चालू करतो, मर्यादाही आपणच ठरवतो. जाताना चालू करा, घरी आल्यावर बंद करा. दिव्याच्या बटणासारखं आहे. मामांनी चालू केलं होतं आणि मर्यादा सर्वात मोठी ठेवली होती, "कमी पडायला नको" म्हणून.

नानीच्या प्रवासासाठी आम्ही वर्गात एक चिठ्ठी तयार केली. हिच्यात पिन नाही! सगळ्यात वर बँकेचा कार्ड बंद करण्याचा फोन नंबर, तोही +९१ ने सुरू होणारा. १८०० चे टोल-फ्री नंबर परदेशातून बहुतेक वेळा लागत नाहीत, आणि कार्डाच्या मागे छापलेला नंबर कार्डाबरोबरच जातो. त्याखाली पोलिसांचा नंबर, मक्का-मदिनेत ९११, आणि युरोपात कोणी जात असेल तर ११२. मग जेद्दाहच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा नंबर, कारण पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार आणि मग तिचा कागद घेऊन तिथेच जावं लागतं. घाई असेल तर ते भारतात परतण्यापुरता इमर्जन्सी सर्टिफिकेट नावाचा कागद देतात. शेवटी घरातल्या एका माणसाचा नंबर.

चिठ्ठीच्या दोन प्रती करायला सांगितल्या. एक नानीच्या बॅगेत, एक तिच्या मैत्रिणीजवळ. पैसेही एका जागी नाहीत, अर्धे पट्ट्यात, थोडे वरच्या पर्समध्ये. भारतातलं सिम काढून ठेवायचं नाही, हे मी नानीच्या मुलाला फोन करून स्वतः सांगितलं.

मग त्या मुलीने विचारलं, "मॅडम, नानीचं पाकीट गेलं आणि तिने सांगितलंच नाही तर?"

मी तिला म्हटलं, "मग आत्ताच नानीला सांगून ठेव की पाकीट गेलं तर घरी कोणी रागावणार नाही. आणि तुझ्या अब्बूंनाही तिच्यासमोर तसं बोलायला सांग."

दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, "अब्बू बोलले. नानी रडली आणि म्हणाली, तुझ्या नानांचं पाकीट एकदा कल्याण स्टेशनला मारलं होतं, अजून कोणाला माहीत नाही."

स्वाध्याय : १) घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, त्यांचं पाकीट किंवा मोबाईल कधी चोरीला गेला होता का, आणि त्यांनी ते सगळ्यात आधी कोणाला सांगितलं? २) घरातलं एखादं कार्ड समोर ठेवा. त्याचा नंबर वहीत लिहायचा नाही. फक्त ते बंद करायचा फोन नंबर शोधा, बँकेच्या कागदावरून खात्री करून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. ३) ग्रंथिभेदक, गिरहकट, कनवट, पाकीटमार हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा. मामांवर वाक्य लिहिलंत तरी चालेल. त्यांना विचारलं आहे, ते म्हणाले, "लिहू दे. आता लाज नाही वाटत."