चाकाच्या सापटीतला मळ : मोटार असो वा उसाची ट्रॉली



मागल्या गळीत हंगामाच्या तोंडावर, दसऱ्याच्या सुमारास आम्ही सोयऱ्यांकडे वसईला गेलो होतो. हल्ली आपल्या गावोगावची पोरं नोकरी-धंद्यानिमित्त वसई, नालासोपारा, विरार या बाजूला राहतात, त्यामुळे तो मुलूख आपल्याला काही परका राहिलेला नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा तालुका २०१४ साली नव्या पालघर जिल्ह्यात गेला. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि मधे मिठागरं. एके काळी वसईच्या बागायतीत केळी आणि पानवेलींच्या जोडीला ऊसही पिकत असे, आणि विहिरीवर रहाट फिरत असत. आता इमारतींची दाटी झाली आहे. पण हवा तीच, खारी.

आमच्या भाच्याची मोटार दारात उभी होती. पाच वर्षांची गाडी, पण रंग असा की तोंड पाहून घ्यावं. मात्र चाकांकडे पाहिलं तर मिश्रधातूच्या आऱ्यांमधल्या सापटीत काळा थर, आणि थराच्या कडेला पांढरी भुकटी. भाचा म्हणाला, “मामा, दर रविवारी धुतो हो गाडी.” एक टायर बदलायचा होता म्हणून त्याच्यासोबत गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी चारही नट काढले, तरी चाक काही निघेना. खारट ओलीने चाक आणि तुंबा एकमेकांना घट्ट धरून बसले होते. शेवटी रबरी हातोड्याने चहूबाजूंनी ठोकून ते सुटलं. मिस्त्री म्हणाले, “काका, गाडी वरून सगळेच धुतात. चाक आतून कोण धुणार? रात्री रस्त्यात पंक्चर झाली असती तर हे चाक निघालं नसतं.”

ते बोलणं मनात घेऊन आम्ही घरी आलो, आणि पहिल्यांदा आमच्याच उसाच्या ट्रॉलीची चाकं धुवायला काढली. चिखल, पाचट आणि उसाच्या रसाचा चिकटा यांचा बोटभर थर खरवडून काढला, तेव्हा एका डिस्कवर दोन बोल्टांच्या भोकांमधे तांबूस रेघ दिसली. नखाने चाचपली, तर ती चीर होती. त्याच चाकावर आधीचा सगळा हंगाम आम्ही ऊस ओढला होता, आणि ट्रॉलीमागून शाळेची पोरं सायकलीवरून येत असत. हा पाठ त्या रेघेमुळे लिहीत आहोत.

मळ येतो कुठून?

मोटारीच्या चाकात साचणारा काळा मळ हा नुसता धुरळा नव्हे. ब्रेक दाबला की पॅड आणि लोखंडी डिस्क एकमेकांवर घासतात, आणि दोहोंचा बारीक चुरा उडतो. तो गरम असतो, त्यात लोखंडाचे कण असतात. तो सापटीत बसतो, ओल लागली की गंजतो, आणि रंगाच्या थराला धरून राहतो. म्हणूनच पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त काळी होतात, कारण ब्रेकचा जास्त भार पुढे पडतो.

वसई-विरारसारख्या किनारपट्टीवर यात मिठाची भर पडते. अर्नाळा, कळंब, राजोडीच्या किनाऱ्यावर गाडी वाळूत नेली, तर खारं पाणी थेट आऱ्यांच्या मागे आणि नटांच्या भोकांत जातं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे ती जागा वाळतच नाही. अॅल्युमिनियमच्या चाकावर रंग जिथे टवकारला असेल तिथे पांढरी भुकटी येते आणि खड्डे पडतात. लोखंडी चाकावर तांबडा गंज येतो. आपल्या भागात मीठ नाही, पण काळी चिकण माती आणि उसाचा चिकटा आहे. काम तेच करतात : ओल धरून ठेवतात आणि दोष झाकतात.

थोड्या चिखलाने काय होतं?

हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. चाकाच्या आतल्या बाजूला, मध्यापासून १८ सेंटिमीटरवर १०० ग्रॅम चिखल वाळून बसला आहे असं धरा. मोटारीचा वेग ताशी ८० किलोमीटर असताना ते चाक सेकंदाला जवळजवळ १२ फेरे घेतं. त्या वेगाला हा १०० ग्रॅमचा गोळा चाकाला सुमारे १० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो, आणि तो ओढा दर फेऱ्याला दिशा बदलतो. सुकाणू थरथरतं ते यामुळे. गाडी शेतातून निघून डांबरी रस्त्याला लागली आणि वेग वाढताच हातात थरथर जाणवू लागली, तर बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी चाकाची आतली बाजू धुऊन पाहावी. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं.

साहित्य घरातलंच

बाजारात नाना तऱ्हेचे ब्रश मिळतात, ते घेऊ नयेत असं नाही. पण पुढील वस्तूंत काम होतं :

दोन बादल्या : एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडकं व ब्रश खळबळून घ्यायची. एकच बादली ठेवली तर काढलेला चुरा पुन्हा चाकावर घासला जातो व ओरखडे उठतात. बाटली धुवायचा लांब दांड्याचा ब्रश, जुना दात घासायचा ब्रश, आणि रंगाऱ्याचा एक इंची ब्रश. या रंगाच्या ब्रशाच्या पत्र्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे पत्रा चाकाला लागत नाही. जुन्या सुती कपड्याच्या दोन बोटं रुंद, हातभर लांब पट्ट्या. बांबूची चपटी कामटी, टोकाला चिंधी बांधलेली. साबण गाडी धुवायचा सौम्य असावा.

चाकाची फडकी गाडीच्या अंगाला लावू नका. ती वेगळी ठेवा.

धुण्याची रीत

१. चाक गार होऊ द्या. लांबून आलेल्या गाडीचे ब्रेक तापलेले असतात. तापल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडलं तर ती वाकडी होण्याचा संभव असतो, आणि साबण जागच्या जागी वाळून डाग पडतो. गाडी सावलीत, सपाट जागी उभी करा.

२. आधी चाकं, मग गाडी. उलट केलं तर चाकाची घाण धुतलेल्या पत्र्यावर उडते. एक चाक पूर्ण करून मगच दुसरं धरा.

३. कोरडं घासू नका. आधी भरपूर पाणी मारून मोकळी माती जाऊ द्या. मडगार्डच्या आतूनही पाणी मारा. मग साबणाचं पाणी लावून थोडं भिजू द्या, वाळू मात्र देऊ नका.

४. आतून बाहेर या. बाटलीचा ब्रश आऱ्यांमधून आत घालून रिमची आतली बाजू घासा. नंतर आऱ्यांची पाठ. तिथे ब्रश पोचत नसेल तर कापडाची पट्टी आऱ्यामागून ओवून, दोन्ही टोकं धरून, ताक घुसळताना दोरी ओढतात तशी पुढे-मागे ओढा. बोट जात नाही तिथला मळ पट्टी काढते. नटांच्या भोकांत आणि हवेच्या व्हॉल्व्हभोवती दातांचा ब्रश चालवा. उरलेल्या कोपऱ्याला चिंधी बांधलेली कामटी वापरा. स्क्रू-ड्रायव्हर किंवा खिळा घालू नका, रंगाचा टवका उडाला की तिथूनच गंज सुरू होतो. रिमला चिकटवलेली शिशाची वा लोखंडी वजनं उखडू नका, ती चाकाच्या तोलासाठी असतात.

५. गाडी अर्धा फेरा पुढे घ्या. ब्रेकच्या जबड्यामागे आलेला चाकाचा भाग उभ्या गाडीत कधीच हाती लागत नाही. पहिला भाग झाला की चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी सरकवा आणि राहिलेलं धुवा. ही गोष्ट शेकडा नव्वद जण विसरतात, आम्हीही विसरत होतो.

६. लोखंडी चाकावर प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती काढून धुवा. खरा चिखल टोपीखालीच असतो.

७. डांबराचे ठिपके असतील तर कापडाच्या कोपऱ्यावर थोडं रॉकेल घेऊन तेवढाच ठिपका पुसा आणि लगेच साबणाने धुवा. रॉकेल टायरच्या रबराला आणि ब्रेकच्या डिस्कला लागू देऊ नका. रबर खराब होतं आणि ब्रेक निसटतो.

८. स्वच्छ पाण्याने धुवा आणि सापटीसुद्धा कोरड्या फडक्याने टिपून घ्या. नंतर गाडी हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबा. ओला ब्रेक, विशेषतः मागचा ड्रमचा, पहिल्या दाबाला नीट धरत नाही. धुतल्या गाडीने थेट हमरस्त्यावर जाऊ नये.

हे करू नका

संडास धुवायचं अॅसिड चाकाला लावू नका. कॉस्टिक आणि धुण्याचा सोडाही नको, अॅल्युमिनियमला ते खातात. चाकं झटक्यात चकचकीत करणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक अॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही, पण आत मुरून हाडापर्यंत इजा करतं. डब्यावर ही नावं दिसली तर तो डबा घरात आणू नका.

राख, वाळू, तारेची घासणी चाकावर चालवू नका. दाबाच्या पाण्याचा फवारा टायरच्या बगलेवर आणि तुंब्याच्या सीलवर जवळून मारू नका, पाणी आत शिरून ग्रीस बिघडतं. ब्रेकचा चुरा हवेच्या नळीने फुंकून उडवू नका. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे, आणि कोणताही चुरा छातीत जाणं वाईटच. तो पाण्यानेच बसवावा.

आता आपली ट्रॉली

ट्रॉलीला चकाकी नको, पण नजर हवी. हंगामात दर पंधरवड्याला, रिकामी ट्रॉली सपाट जागी घेऊन, चाकांना पुढून-मागून दगड लावून हे काम करावं.

कण्याभोवती गुंडाळलेलं पाचट, सुतळी आणि तार विळ्याने कापून काढा. हे गुंडाळं सीलला घासतं, सील फाटलं की ग्रीस बाहेर येतं, बेअरिंग कोरडं पडून तापतं. त्यावर वाळलेलं पाचट म्हणजे सरपणच. जोडटायर असतील तर दोहोंच्या मधे अडकलेला दगड काढा. तो दोन्ही टायरांच्या बगला कापतो.

नंतर डिस्कवरचा थर लाकडी फळीने खरवडून, पाण्याने धुऊन, उजेडात पाहा. नटाखालून तांबूस ओघळ निघाला असेल तर तो नट ढिला आहे असं समजा. भोकं लांबट झाली असतील, किंवा दोन भोकांमधे रेघ दिसली, तर ते चाक उतरवा. चिरलेल्या रिमला वेल्डिंग करून पुन्हा ऊस ओढू नका. आणि टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग तर कधीच करू नका, हवा काढलेली असली तरी. आतली हवा व रबर तापून टायर फुटतो, आणि समोरचा माणूस जातो.

चाक परत बसवताना तुंबा आणि डिस्क जिथे टेकतात ती जागा घासून कोरडी करा. मधे माती राहिली तर नट आवळलेला वाटतो, आणि माती झिजली की ढिला पडतो. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळा, आणि पहिल्या खेपेनंतर पुन्हा पाना लावून पाहा.

आमच्या त्या चिरलेल्या डिस्कच्या जागी दुसरी बसवली. पैसे गेले, मनाची टोचणी मात्र राहिली. थराखाली ती चीर किती दिवस होती, कोण जाणे. भाच्याला निरोप धाडला आहे की किनाऱ्यावरून आलास की त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकं आतून धूत जा. त्याने उलट विचारलं, “मामा, तुमच्या सगळ्या ट्रॉल्या पाहून झाल्या का?”

आमच्या तीन ट्रॉल्यांपैकी तेव्हा दोन झाल्या होत्या. तिसरी त्याच संध्याकाळी धुतली. सभासद बंधूंनी आपापली मोजदाद करावी, आणि गव्हाणीकडे पहिली खेप निघण्याआधी प्रत्येक चाकावरून एकदा ओलं फडकं फिरवावं, ही नम्र विनंती.