जोडीनंच बाहेर पडायचं

बाळांनो, जूनच्या अखेरीला तुम्ही दोघं फिनिक्सच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकाल तेव्हा तोंडावर येणारी हवा न्यू जर्सीत तुम्ही कधी अनुभवलेली नाही. आमच्या टूसॉनमध्ये त्या दिवसांत दुपारी १०० ते ११० फॅरनहाइट असतं, म्हणजे ३८ ते ४३ अंश सेल्सिअस. फिनिक्स त्याहून तापतं. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ११० किंवा त्याच्या वर होता. मी अकोल्याची, मे महिन्याच्या झळा लहानपणापासून सोसलेली, तरी सांगते की या उन्हाची चाल निराळी आहे. हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि दिसायच्या आत उडून जातो. सदरा कोरडा, कपाळ कोरडं, म्हणून पोरांना वाटतं आपल्याला काही झालेलंच नाही. आतलं पाणी मात्र चाललेलं असतं.

माझी आजी सांगायची, ऊन लागलेल्या माणसाला विचारू नका, त्याच्याकडे बघा. ऊन आधी डोक्यावर चाल करतं. ज्याला लागलं त्यालाच ते कळत नाही, तो ‘मी ठीक आहे’ म्हणत राहतो. म्हणून आपल्या घरचा पहिला नियम हा की अंगणाच्या फाटकाबाहेर एकट्यानं जायचं नाही. ताई, तू छोटूकडे बघायचं. आणि छोटू, तू लहान असलास तरी ताईकडे तूच बघायचं. ती मोठी आहे म्हणून तिला ऊन लागत नाही असं नाही.

बघायचं म्हणजे काय, ते नीट लक्षात ठेवा. एरवी बडबड करणारा गप्प झाला, उगाच चिडायला लागला, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला, चालताना पाय अडखळायला लागले, की फिरणं तिथेच संपलं. सावलीत बसवा, थोडं थोडं पाणी पाजा, रुमाल ओला करून मानेवर ठेवा, सदरा भिजवा, आम्हांला फोन करा. बोलणं असंबद्ध झालं किंवा हाक मारून धड ओ देत नसेल, तर आधी ९११, मग आम्ही. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल. पाणी अंगावर ओतायचं, असेल नसेल ते सगळं.

पाणी तहान लागायच्या आधीपासून प्यायचं. बाटलीतलं अर्धं संपलं की पुढे कितीही छान दिसत असलं तरी मागे वळायचं, कारण परतायलाही तेवढंच लागतं. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, घामाबरोबर मीठही जातं. फ्रीजमध्ये लिंबाचं सरबत असेल, मीठ-साखर घातलेलं. मेक्सिकन दुकानात कैऱ्या मिळाल्या तर पन्हंही करून ठेवेन. ओट्यावरचा माठ जूनमध्ये झकास गार असतो, त्यातलंच प्या. नळाला इथे उन्हाळ्यात गार पाणी येत नाही, निळ्या खुणेचा नळ सोडलात तरी कोमट येतं. बागेतल्या रबरी नळीचं पहिलं पाणी तर भाजतं. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी कढत होऊन बसलेलं असतं. ती आधी मातीकडे धरायची, हाताला सोसेल असं आलं की मगच खेळायचं. गाडीच्या पट्ट्याचं बक्कल, घसरगुंडी, डांबरी रस्ता, सगळ्याला हीच सावधगिरी. सूर्य बुडाला तरी डांबर लगेच निवत नाही, अनवाणी जाऊ नका.

दिवस मात्र तुम्हांला आवडेल. सव्वापाच-साडेपाचला उजाडतं, तेव्हा मी उठवेन आणि कुरकुर ऐकणार नाही. ते दोन-तीन तासच खरे बाहेरचे. डोक्याला तुरा असलेल्या लावांची रांग कुंपणाखालून पळते, रोडरनर भिंतीवर येऊन बसतो. दहानंतर घरात. छपरावर आपला जुना पाण्याचा कूलर आहे. तो चालू असताना खोलीची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. तुमच्याकडे एसीची सवय, तुम्ही बंद करायला धावाल. पण आत आलेली ओली हवा बाहेर पडली नाही तर कूलर गारवा देत नाही. जुलैत हवा दमट झाली की माठ आणि कूलर दोघंही थकतात. मग एसी.

दहापासून संध्याकाळपर्यंत एका घरात दोन भावंडं म्हणजे भांडण होणारच, आणि मला ते चालतं. पत्त्यांवरून भांडा, कूलरसमोरच्या जागेवरून भांडा. आजोबा निवाडा करणार नाहीत, मीही करणार नाही. पण भांडण उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. बाहेर रुसून एक जण तरातरा पुढे निघून गेला की जोडी फुटली. वाळवंटात पायवाटा एकसारख्या दिसतात, आणि रुसलेला माणूस हाकेला ओ देत नाही. बाहेर असताना राग आला तर ‘घरी बोलू’ एवढंच म्हणायचं आणि बरोबर चालत राहायचं. माझ्या सगळ्या सांगण्यात हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

आता खिशात ठेवायची वस्तू: कंगवा, मोठ्या दातांचा. इथे चोया नावाचा निवडुंग आहे. त्याचे काटेरी गोळे नुसत्या ओझरत्या स्पर्शानं निसटून अंगाला चिकटतात, म्हणून लोक म्हणतात की तो उडी मारतो. उडीबिडी मारत नाही, पण काट्याच्या टोकाला उलटे सूक्ष्म दात असतात, त्यामुळे शिरलेला काटा सहज निघत नाही. छोटूच्या पोटरीला गोळा चिकटला, तर पहिली ऊर्मी होईल हातानं उपटायची. तसं केलं की गोळा पोटरीतून निघून बोटांना चिकटतो. ताई, तू कंगव्याचे दात कातडी आणि गोळा यांच्यामध्ये सरकव, त्याला दुसरीकडे बघायला सांग, आणि एका झटक्यात बाहेरच्या बाजूला उडव. उडवताना समोर कुणी नाही ना, ते आधी बघ. मागे राहिलेले काटे घरी चिमट्यानं काढू. फड्या निवडुंगाची लालजांभळी बोंडं तर हातात घ्यायचीच नाहीत. त्यांच्यावर केसासारखी बारीक कुसं असतात, ती दिसत नाहीत आणि दिवसभर टोचतात. मी सांडशीनं तोडते.

सवारो म्हणजे ते उंच, हात वर केलेले निवडुंग. साधारण पन्नास ते पंचाहत्तर वर्षांचं झाल्यावर त्याला पहिला हात फुटतो, म्हणजे अंगणाबाहेरच्या सवारोचा पहिला हात आजोबांच्या वयाला आला असेल. त्यावर नाव कोरायचं नाही, दगड मारायचा नाही. ॲरिझोनाच्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. तुम्ही याल तेव्हा त्याची फळं पिकलेली असतील. तोहोनो ओओदाम लोक सवारोच्याच वाळलेल्या फासळ्यांची लांब काठी करून ती पाडतात, त्यांचा पाक करतात. त्यांचं नवं वर्ष या फळांबरोबर आणि पावसाबरोबर सुरू होतं. सवारोला ते माणसाचा मान देतात. आपण त्यांच्या भूमीवर राहतो, तेव्हा आपणही तो द्यायचा.

मेस्कीटच्या शेंगा मात्र चाखा. आपल्याकडच्या वेड्या बाभळीचंच हे भावंड. शेंग पिवळी, कडक, चावली की गोड. झाडावरचीच घ्यायची, जमिनीवरची नाही, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत, कारण नंतर बुरशी धरते. वाळवून दळलं की मी त्याचं पीठ मूठभर थालीपिठात घालते.

विंचवांना फार घाबरू नका, पण बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका. जांभळ्या किरणांच्या टॉर्चखाली विंचू हिरवट चमकतो. रात्री आजोबांबरोबर भिंतीवर शोधा, बघायला मजा येते, हात लावायचा नाही. डोळ्यांना दिसत नाही तिथे हात किंवा पाय घालायचा नाही, हा साप आणि विंचू दोघांसाठी एकच नियम. खुळखुळ्या साप दिसला किंवा ऐकू आला, तर पुढचा थांबला की मागच्यानंही थांबायचं, मग दोघांनी हळूहळू मागे यायचं. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी बांधायची नाही, ९११ ला फोन करायचा. विषबाधा केंद्राचा नंबर १-८००-२२२-१२२२ फ्रीजवर लावलाय.

मॉन्सून इथेही आहे, कागदोपत्री १५ जून ते ३० सप्टेंबर, पण पहिल्या सरी बहुधा जुलैत येतात. दुपारी कॅटालिना डोंगरावर ढग चढले की ओढ्यात उतरायचं नाही. ‘वॉश’ म्हणतात ते कोरडे ओढे वर्षातले बहुतेक दिवस नुसती वाळू असतात. आपल्या डोक्यावर निळं आभाळ असतं आणि वर डोंगरात पडलेलं पाणी माती-ओंडके घेऊन एकदम येतं. बूट राहिला तर राहू दे, परत जायचं नाही. रस्त्यावर पाणी म्हणून अडथळा लावलेला असेल तर आजोबांनाही ओलांडू देऊ नका. ओलांडून अडकलात तर सुटकेचा खर्च चालकाकडून वसूल करायचा कायदा इथे आहे. गडगडाट ऐकू आला की घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच. नंतर व्हरांड्यात बसू. क्रिओसोटच्या झुडपांचा ओला वास येईल, आणि महिनोन्‌महिने जमिनीत दडलेले बेडूक मेंढरासारखे ओरडायला लागतील. तेही हातात घ्यायचे नाहीत, काहींच्या अंगावर विष असतं.

फिनिक्सहून टूसॉनला येताना पिकाचोच्या आसपास धुळीचं वादळ गाठू शकतं. समोर भिंत दिसली तर आजोबा गाडी रस्त्यापासून जमेल तितकी लांब घेतील, दिवे बंद करतील आणि ब्रेकवरचा पाय काढतील. दिवे का बंद केले म्हणून घाबरू नका. मागून येणारा लाल दिवे बघून रस्ता समजतो आणि आपल्यावर येऊन आदळतो.

आई-बाबांना फोन सहाच्या आत करा, तिकडे तेव्हा नऊ वाजलेले असतात. अकोल्याच्या पणजीला संध्याकाळी साडेसातला, तिच्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ.

सामान थोडं आणा. पूर्ण बाह्यांचे पातळ सुती सदरे, रुंद कडेच्या टोप्या, बंद बूट, आणि एकेक स्वेटर. स्वेटर वाचून हसाल, पण एका पहाटे आपण माउंट लेमनला जाणार आहोत. शिखर ९,१५७ फुटांवर आहे, गाडीनं तासाभराचा रस्ता, आणि वर टूसॉनपेक्षा २० ते ३० फॅरनहाइट कमी असतं. पुढच्या सीटवर जाताना छोटू बसेल, येताना ताई.